डाव्या हाताचा खटका

४ नोव्हेंबर, मंगळवार

नवी सायकल काहून घेत नाई म्हणता? नाई घेत. कोणी विचारलं नाई, पण विचाराच्या आधीच सांगून टाकते. सायकल चांगली आहे. चाकं चांगले, ब्रेक चांगले, सीट आता कुठी आंगवळणी पडली. चिनू पुण्याले कॉलेजात गेली तवा म्हणे, आजी, ही विकून टाकू का? म्या म्हटलं, ठेव. नातीची डोंगरावरची सायकल आजी बेशाच्या रोडवर चालवते, यात कोणाच्या बापाचं काय जाते?

बिघडलं ते गेअर. खाली पार्किंगमधी कोणाच्या तरी गाडीचा धक्का लागला, सायकल उजव्या आंगावर पडली. मागच्या चाकाजवळ ते जे लोखंडाचं लटकून राहते, ते वाकडं झालं. धक्का कोणाचा, ते मी विचारत नाई. विचारलं का सोसायटीची मिटिंग होते, मिटिंग झाली का चहा होते, सायकल तशीच राहते.

बाईकडे, म्हणजे मोठ्या बहिणीकडे, जाले उशीर झाला. खुबा मोडल्यापासून बाई खाटेवर. तिचा पोरगा दिलीप अन् त्याची बायको दोघंही बुटीबोरीले कंपनीत, सकाळी जाते ते दिवे लागल्यावर येते. दुपारचं जेवण, कूस बदलणं, डोक्याले तेल, हे माह्याकडे. लहान बहीण दुसरी कशासाठी असते.

नाल्यावरच्या उंच पुलाच्या चढावर साखळी अडकली. उतरली, ढकलत नेली. डबा थंडा. बाई म्हणे, "आज बैलगाडीनं आली का वं शांते?"

"बैलगाडी आधी पोचली असती. खा आता."

खाल्लं. दोन्ही पोळ्या. बरं वाटलं.

५ नोव्हें., बुधवार

रमेश म्हणे, आई आता पुरे, ऑटोनं जात जा. पोरगा बँकेत लागला तवापासून सगळ्या गोष्टीचा निकाल एका वाक्यात लावते.

ऑटोवाला चौकातून सवारी भरल्याशिवाय हलत नाई. सवारी भरेपर्यंत बाईची भूक मरते. अन् आत बसलं का सुरू: कुठी चालल्या आजी, काय झालं बहिणीले, कोणत्या डॉक्टरले दाखवलं, माह्या मामेसासूलेबी असंच झालं होतं. सायकलीवर हे नाई. विचारणाऱ्याचं तोंड उघडेपर्यंत मी पुढं गेली असते.

सायकल इरफानभाईच्या दुकानात नेली. त्यानं चाक फिरवून पाहिलं, नाक मुरडलं. "मावशी, ये डिरेलर गया. और लेफ्ट का शिफ्टर तो पहलेसेच ढिल्ला है."

"मराठीत सांग गा."

"हे लटकते नं, हे साखळीले एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर नेते. हे डिरेलर. हँडलवरचा खटका, म्हणजे शिफ्टर, त्याले तारेनं ओढते. खटक्यात जितके कट-कट, मागं तितक्याच चकत्या पाहिजे. अन् खटका अन् डिरेलर एकाच घरचे पाहिजे. नाई तं नवरा एका घरचा, बायको एका घरची, रोजची किटकिट."

"नवराबायको सगळेच दोन घरचे असते. तू सामान दाखव."

हासला लेकाचा. सामान शनिवारी दाखवतो म्हणे.

तोपर्यंत पायी. पाय आहेत, देवाची कृपा.

८ नोव्हें., शनिवार

दुकानात बसून डोकं उठलं. मुठीसारखा पिळाचा खटका वेगळा, अंगठ्यानं ढकलाचा वेगळा. डावा खटका समोरच्या चकत्या बदलते, उजवा मागच्या. समोर तीन, मागं आठ. इतके गेअर कोणाले लागते? आमच्या बाबाच्या सायकलीले एकच होतं, अन् तो तिच्यावर गहू दळून आणे.

इरफानभाई माह्या हाताकडे पाहून राहिला होता. मंग हळूच म्हणे, "मावशी, एक काम करू. समोर एकच चकती ठेवू. डावा खटका नकोच. मागं मोठी चकती देतो, चढ तिच्यावर आरामात चढते. उजव्या हातानं सगळं होते."

मले राग आला. आधं सामान लावून देते का काय? म्हटलं, "एकटी चप्पल विकते का कोणी? जोडी दे."

"मावशी, जोडीची जरूरतच नाई—"

"जोडी दे."

रमेशचे बाबा गेले तवा बायांनी माह्या बांगड्या काढल्या. तेरवी झाली का पहिल्या सोमवारी मी बाजारात गेली अन् दोन्ही हातात भरून आली. कासार म्हणे, एका हातात एखादी घाला, लोक नाव ठेवणार नाई. म्हटलं, घालीन तं दोन्ही हातात, नाई तं नाई. एका हाताले एक अन् एका हाताले काई नाई, असं माह्यानं जमत नाई. म्हणून जोडी.

दुसरी गोष्ट घरी माहीत नाई. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखते. मी डावरी. कोराडीच्या वीजघराच्या कॉलनीत मेसमधी जलम गेला पोळ्या लाटण्यात, खिडकीवर राखेचा थर अन् लाटणं चालूच, जोर सारा डाव्या हातावर. सांधा झिजला म्हणे डॉक्टर. झिजन नाई तं काय. रमेशले सांगतलं का सायकल बंद. म्हणून नाई सांगतलं.

अंगठ्याचा खटका, जोडी, समोरचे-मागचे दोन्ही डिरेलर नवे. सोमवारी लावून देतो म्हणे.

१० नोव्हें., सोमवार

लागलं. काय चालते सायकल! लोण्यावर सुरी. चौकापासून शाळेपर्यंत तं आवाजच नाई. मले वाटलं साखळी पडली का काय, खाली पाहिलं तं जागेवर.

सपाटीवर समोरचा खटका हलवाचं कामच पडलं नाई. पुलाच्या अलीकडं लय ऊन म्हणून थांबली, तितक्यात दिलीपच्या शेजारचा पोट्टा गाडीवर आला, डबा त्याच्याजवळ देल्ला अन् वापस फिरली. म्हणजे चढ राहिलाच. उद्या.

वर्षानं कोथिंबीर निवडून, चिरून सांबारवडीचं सारण करून ठेवलं. मी सांगतलं नव्हतं. सून म्हणून बोलाची सोय ठेवत नाई पोरगी.

११ नोव्हें., मंगळवार

पडली.

सविस्तर लिहाचं काम नाई, पण लिहिते. पुलाच्या आधी समोरची साखळी लहान चकतीवर घेतली. ते बोटानं होते, सोपं. चढली, ठीक. उतारावर पाय नुसते गरागरा, जशी रिकामी चक्की. साखळी वापस मोठ्या चकतीवर न्याची तं अंगठ्यानं जोरात ढकला लागते. ढकललं. कळ डोक्यात गेली. तळहातानं ढकलाले गेली तं हँडल सुटलं, अन् मी सरळ तुरीत. तूर फुलावर आहे, झाडं मऊ. कोपर खरचटलं. वरण सांडलं, वड्या वाचल्या.

बाईनं पाहिलं तं म्हणे, "तुरीत काय करत होती वं या वयात?"

"पाहाले गेली, शेंगा धरल्या का."

"डोक्यात फूल घालून आली, म्हणून म्हटलं."

मंग मी भरवाले बसली. बाईनं दोन घास खाल्ले अन् तोंड मिटलं. माह्या हाताकडे पाहे. "उजव्या हातानं काहून भरवून राहिली तू?"

"असंच."

"जलम गेला तुहा डावरी म्हणून मार खाण्यात. पंगतीत मामानं उठवलं तरी हात बदलला नाई. अन् आज असंच?"

सांगतलं. अंगठा, खटका, जोडी, सगळं. बाई 'अगं बाई गं' म्हणणारी नाई, तेवढं बरं आहे. वडी चावत राहिली. मंग म्हणे, "येता-जाता तो डावा खटका किती खेपा लागते तुले?"

"पुलाच्या अलीकडं एक, पलीकडं एक."

"बाकी सारं उजवाच करते?"

"हाव."

"मंग दोन टाइम हात लावाच्या कामासाठी सालदार ठेवला तू. त्याले सालभर पोसाचं, वरून तोच तुले तुरीत पाडते. काढून टाक नं त्याले."

इरफानभाईनंबी हेच म्हटलं होतं. पण त्यानं म्हटलं तवा मले आधं वाटलं, अन् बाईनं म्हटलं तवा हिशेब वाटला. माणूस असाच असते. बाई आहे म्हणून मले कोणी शहाणपण शिकवते, नाई तं या वयात कोण शिकवते?

१२ नोव्हें., बुधवार

इरफानभाईकडे गेली. म्हटलं, "काढ डावा." 'म्या तं आधीच म्हटलं होतं' असं तो म्हणन म्हणून तयारीनं गेली होती. म्हटलंच नाई त्यानं. स्टूल देल्लं, चहा सांगतला. लावलेलं सामान कोणी वापस घेत नाई, त्यानं घ्याचं कबूल केलं. म्हणे कोणाच्या तरी सायकलीले लागून जाईन. मी चहा पिऊन घेतला. 'बरं केलं' म्हणाचं होतं, राहून गेलं.

पण उजवा निवडणं माह्यावर. उजवा अंगठा आज चांगला आहे. उद्याचं कोणी सांगतलं? म्हणून जो सगळ्यात हलका ढकलल्या जाते तोच पाहिजे. त्यानं एका नळीवर वेगवेगळे खटके बांधून देल्ले, तारा लावून. मी डोळे मिटून एकेक दाबला. एक तं कुलपासारखा. एक लय मऊ, पण दाबला का नाई दाबला तेच समजे नाई, पुढाऱ्याच्या होकारासारखा. पिळाचा पाहिला. ओलं लुगडं पिळता येत नाई, मूठ काय पिळू? मंग एक निघाला, थोडंसं ढकललं का 'कट'. साफ. अंगठ्यानंबी सुटते, बोटानंबी सुटते. म्हटलं हाच.

बाजूले एक पोट्टा, आंगाले चिकटलेले कपडे, डोक्यावर टोप. म्हणे, "आजी, तो दुसरा घ्या, रेसवाले तोच घेतात."

"वरण थंडं व्हाच्या आधी पोचाचं, इतकीच माही रेस."

"मग बरोबर आहे तुमचं," म्हणे. चांगला होता पोट्टा. जाताना माही सायकल दुकानात आत लावून देल्ली त्यानं.

खटका इथी भेटला, पण मागं मोठी चकती म्हणजे साखळी लांब, साखळी लांब तं ती ताणून धराले डिरेलरची दांडी लांब. लांब दांडीवाला खटक्याच्याच घरचा पाहिजे. तो नागपुरात नाई. बाहेरून मागवतो म्हणे. किती दिवस? आला का आला.

१४ नोव्हें., शुक्रवार

रमेशले समजलं. लोणच्याच्या बरणीचं झाकण मी पदरानं धरून काखेत दाबून उघडत होती, तो मागं उभा. मंग कोपरही दिसलं. मंग तं झालंच.

"कधीपासून दुखते?"

"बरणी घट्ट आहे."

"आई, मी काय विचारून राहिलो?"

आवाज चढवला त्यानं. मीही चढवला. ऑटो लावून देतो, नाई तं कामवाली ठेवू मावशीकडे, तू पडली तं कोण पाहीन, दोघीबी खाटेवर पडा मंग बाजूबाजूले. हे शेवटचं मले लागलं. त्यालेही लागलं असन, बरणी माह्या हातातून घेऊन त्यानंच उघडली.

वर्षा पोळ्या करत होती. तव्यावरून नजर न काढता म्हणे, "आईंचा अंगठा दुखते, पाय नाई दुखत."

एवढंच. पोळी उलटवली. मी त्या पोरीकडे पाहत राहिली. लग्न करून आली तवा मले वाटे, हिले बोलताच येत नाई. बोलत नाई तेच बरं, बोलते तवा पूर्ण बोलते.

रमेशनं अट घातली. सामान लागलं का तो रविवारी मागं मागं येईन गाडीवर. डबा घेऊन, पूल चढून, बाईच्या दारापर्यंत. पुलावर पाय टेकला का सायकल विकाची अन् पुन्हा नाव नाई काढाचं.

म्हटलं, "विकाची तं विकाची."

म्हटलं तर खरं.

१७ नोव्हें., सोमवार

सामान नाई आलं.

वर्षा हापिसात जाच्या आधी मले गाडीवर बाईकडे सोडून देते. तिले उलट्या दिशेले जा लागते. म्हटलं, तुले उशीर होते. म्हणे, होऊ द्या. वापस मी पायी. वापसीत डबा हलका असते.

सकाळी सकाळी पोचल्यामुळं बाईची फजिती. तिचं आंग धुवाचं, केस विंचराचे, मंग जेवणाची वेळ होईस्तोवर दोघी नुसत्या बसून. भांडण कराले लय वेळ भेटते. आज मायच्या पाटल्या कोणाले जास्त शोभत होत्या यावरून झालं. बाई म्हणे, तू ऑटोनं येत जा, लवकर येते तवा लय बोलते.

पण खरं काय ते डोळ्याले दिसते. वर्षा रोज नाई येऊ शकत. ऑटोच्या भरवशावर बाईचं जेवण दोन वाजता, कधी तीन. कामवाली ठेवली तं तिच्या हातचं बाई खात नाई, दिलीपनं ठेवून पाहिली होती. तोंड मिटते अन् भिंतीकडे कूस करते, तिची भूक तिथीच संपते. म्हणजे पुलावर पाय टेकला तं माही नुसती सायकल नाई जात.

हे रमेशले म्या सांगतलं नाई. सांगतलं तं तो डोळ्यात पाणी आणन, अन् अट तशीच ठेवन.

१८ नोव्हें., मंगळवार

चिनूचा फोन, तोंड दिसते तो. वर्षानं सांगतलं वाटते तिले. म्हणे, "आजी, समोर एकच चकती? त्याले वन-बाय म्हणते. सगळे प्रो लोक आता तेच लावते!"

"प्रो कोण?"

"मोठे मोठे सायकलवाले, आजी."

"त्याईचेबी अंगठे दुखते का?"

लय हासली. मीबी हासली. म्हणजे मी ज्याले आधं म्हणून नाक मुरडलं तीच नवी फॅशन निघाली. इरफानभाईले माहीत असन. तरी बोलला नाई, जोडी बांधून देल्ली. दुसरा असता तं भाषण देल्लं असतं.

पोरगी वाळली. मेसचं जेवण. मेसमधल्या पोळ्या कशा असते ते मले कोणी सांगू नये. पण मी जाड लाटत नव्हती.

२० नोव्हें., गुरुवार

आलं सामान. दुपारी फोन, मी तशीच गेली, ओल्या हातानं.

त्यानं समोरच्या तिन्ही चकत्या काढल्या, एक बसवली. डावा खटका गेला. डाव्या मुठीवर आता नुसता ब्रेक, मोकळं मोकळं दिसते. मले वाटलं होतं, उघडं दिसन. नाई दिसलं. हात ठेवाले जागा झाली.

मागं ताटलीएवढी चकती. लांब दांडीचा डिरेलर, कोंबडीच्या टांगेसारखा. साखळी मापून तोडली. मंग तार कसत बसला, एक एक आटा. मी म्हटलं, झालं नं आता. म्हणे, "मावशी, आपको जल्दी है, तार को नहीं है." घाई मले जलमाची आहे.

गल्लीत चक्कर मारली. कट, कट, कट. उजव्या अंगठ्याले काई वाटलं नाई. डावा आराम करत होता, म्हाताऱ्या बैलासारखा.

बाकी रविवारी.

२३ नोव्हें., रविवार

निघाली. मागं रमेश गाडीवर, हळूहळू, जसा वरातीत. दोनदा हॉर्न वाजवला, म्हटलं, वाजवशील तं इथूनच वापस जाईन. मंग नाई वाजवला.

पुलाजवळ आली. खटका दाबत गेली, साखळी वर वर चढत गेली, शेवटी ताटलीवर. सायकल इतकी हळू झाली का बाजूनं बकऱ्या चालल्या होत्या, त्याही पुढं गेल्या. बकऱ्यावाला म्हणे, "ओ माय, उतरून ढकल नं, लवकर पोचशील!" मनात म्हटलं, तुह्या तोंडात माती. बोलली नाई, बोलाले दम नव्हता. मधात एक खेप वाटलं, झालं, आता टेकते पाय. तवा दुसरं काई आठवलं नाई, भिंतीकडे कूस केलेली बाई दिसली. मारला पाय. मंग मारला दुसरा. असं करत करत चढ संपला, मले समजलंच नाई. उतारावर हवा लागली तवा समजलं.

उतारावर कट, कट, कट. साखळी मागच्या लहान चकतीवर, पायाले वजन आलं, सरळ गेली. तूर बाजूले होती. तिकडं पाहिलं नाई.

रमेश बाजूले आला. काय म्हणन वाटलं. म्हणे, "पाणी पिऊन घे." बाटली पुढं धरली त्यानं. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाई. पोरगा माहा चांगला आहे. भेते, म्हणून अटी घालते. माह्यासाठी भेणारं कोणी आहे, ही काई लहान गोष्ट नाई.

तो दारात दिसताच बाईनं खाटेवरूनच त्याले पकडलं. "काय रे रम्या, मायच्या मागं मागं पेट्रोल जाळत आला? इतकं आहे तं डबाच आणत जा तू."

"मावशी, आईले काई झालं असतं तं?"

"झालं असतं तं झालं असतं. तुह्या मायले लहानपणापासून काईतरी होऊनच राहिलं आहे. वाढ मले, भूक लागली."

वरणातून वाफ निघत होती. बाईनं पहिला घास घेतला अन् फुंकला. फुंकला! इतक्या दिवसात फुंकाची पाळी आली नव्हती.

जाताना रमेश म्हणे, "पावसाळ्यापर्यंत चालव. मंग पाहू."

पाहू म्हणजे काय ते मी विचारलं नाई. पावसाळा लांब आहे. एवढं भेटलं, लय झालं.

२५ नोव्हें., मंगळवार

रोज जाणं सुरू. पूल रोजच चढा लागते, एका दिवसानं तो लहान होत नाई. काल लय हापली. आज कमी.

इरफानभाईले सांबारवड्या नेऊन देल्ल्या. "ये किसलिए, मावशी?"

"खा. विचारू नको."

त्यानं तिथीच डबा उघडला, कामावरच्या दोघाईलेबी देल्ल्या. सायकल उभी केली, न सांगता तार पाहिली, तेलाचा थेंब टाकला. असे लोक आजूबाजूले आहेत म्हणून माहं चालते. मी काई कोणाच्या पाया पडणारी नाई. पण घरी येता येता मनात सगळ्याईचे नाव घेतले. वर्षा, इरफानभाई, चिनू, तो टोपवाला पोट्टा, दिलीपच्या शेजारचा. रमेशचं शेवटी घेतलं. बाईचं घेतलं नाई. तिचं घेतलं तं ती डोक्यावर बसन.

२७ नोव्हें., गुरुवार

आज बाई जेवण झाल्यावर म्हणे, "दाव मले ती सायकल. रोज कट-कट ऐकू येते दारातून, पाहिली कुठी आहे म्या."

अंगणात लावली. खाटेवरून दिसे नाई तिले. मंग म्हणे, मले उठव. डॉक्टरनं देल्लेला तो चार पायाचा वॉकर तिनं टॉवेल वाळवाले ठेवला आहे. टॉवेल काढला, वॉकर धरला, अन् मले धरून उंबऱ्यापर्यंत आली. महिन्यामहिन्यात आली नव्हती तितकी. बसाले खुर्ची देल्ली तं बसली नाई. उभी राहून हँडलले हात लावला. म्या मागचं चाक उचलून पॅडल फिरवला, तिनं खटका दाबला. कट. साखळी उडी मारून वर गेली. पुन्हा दाबला. लेकरावाणी तोंड झालं तिचं.

"किती हलका आहे वं हा."

"निवडून घेतला."

मंग हँडल न सोडता म्हणे, "बाबानं तुले शिकवली, मले नाई. मी मोठी, मले कामं होते. सासरीबी कोणी बसू नाई देल्लं. माहा पाय एकदाही पॅडलवर नाई पडला, शांते."

"मंग?"

"मंग काय. घरी कोणी नाई. अंगण सपाट आहे. तुह्यात जोर आहे, तुरीतून उठून आली तू. मले बसव याच्यावर."

म्हटलं, "येडी झाली का वं? खुबा तुहा."

"खुबा माहाच आहे. तुले विचारून राहिली का मी?"

दोघी एकमेकीकडे पाहत उभ्या.

संध्याकाळी दिलीपचा रमेशले फोन. मावशीनं काय केलं आज, मायच्या लुगड्याले साखळीचं काळं कसं लागलं? अन् ती रातच्या जेवणाले दोन भाकरी मागून राहिली, म्हणे. रमेश माह्यासमोर येऊन उभा. "आई, काय झालं तिकडे?"

म्हटलं, "सायकल पाहाले आली होती. हात लावला असन."

"हात लावला तं लुगड्याले कसं लागते?"

वर्षा पोळी लाटत होती. वर पाहिलं नाई तिनं.

बसवलं का नाई बसवलं, कुठपर्यंत नेलं, काय झालं, ते बाईले माहीत अन् मले माहीत. रमेशले सांगतलं नाई. इथीबी लिहित नाई. झालं. याच्यावर माह्याकडून एक शब्द निघणार नाई.